शिफ्ट, संसार आणि सायकल रेस: कोल्हापुरात राहून हे जमवायचं कसं

आमच्या कंपनीत नवीन पोरं येतात, त्यातलं कुणीतरी महिन्या-दोन महिन्यांनी हमखास विचारतं, "दादा, तुम्ही एवढी सायकल मारता, रेसला पण जाता, वेळ कुठनं काढता?" आणि मी दरवेळी तेच सांगतो, वेळ निघतो रे, वेळेचं काय नाही, पहाटे पाचला रस्ता मोकळाच असतो, अडतं ते दमणुकीवर. हेच जरा सविस्तर लिहावं म्हणून बसलोय. ज्यांना नोकरी आहे, घर आहे, आणि तरी नंबर लावून स्टार्ट लाइनवर उभं राहायचंय त्यांच्यासाठी.

आधी माझं सांगतो म्हणजे तुम्हाला तुलना करता येईल. वय ३९. शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत क्वालिटीला आहे, जनरल शिफ्ट, साडेआठ ते साडेपाच, महिनाअखेरीला डिस्पॅचची घाई असली की सात-साडेसात. घर रंकाळ्याच्या बाजूला. बायको शाळेत शिकवते, मुलगी तिसरीत, आई आमच्याजवळ. आणि आमच्या कारखान्याची सुट्टी सोमवारी, रविवारी आम्ही कामावर. गेली सहा वर्षं रेस करतोय, हिल क्लाइंब, टाइम ट्रायल (एकेकट्यानं घड्याळाशी शर्यत), कधीतरी मास स्टार्ट (सगळे एकदम सुटतात ती), आणि एज ग्रुपमध्ये दोनदा पोडियमवर उभा राहिलोय. आठवड्याला सात ते आठ तास, त्याच्यावर नाही.

हे सगळं मला शिकवलं ते एका पडण्यानं. तेव्हा मी शिफ्टमध्ये होतो, थर्ड शिफ्ट करून सकाळी सुटलो, त्या रात्री एका लॉटमध्ये रिजेक्शन जास्त आलं होतं त्यामुळं आठ तास पायावरच होतो, वर फर्नेसची धग. पण ट्रेनिंग प्लॅनमध्ये लिहिलं होतं "पन्हाळा, २ रिपीट", आणि प्लॅन मोडायचा नाही असं डोक्यात बसलेलं. चढ चढलो पण, टायमिंग पण बरं आलं. दुसऱ्यांदा उतरताना वाघबीळाच्या अलीकडं एका वळणावर कडेला खडी होती, ती मला दिसली, आणि दिसूनही हात ब्रेककडं गेला नाही, जाईपर्यंत उशीर झाला. कॉलरबोन मोडलं. सहा आठवडे हात गळ्यात, कामावर अर्ध्या पगाराची रजा, आणि बायको शाळा करून घरी येऊन माझ्या शर्टाची बटणं लावणार. चढ चढताना पाय चालले म्हणजे मी ताजा आहे असं मी समजत होतो, पण डोळे आणि मेंदू रात्रभर जागे होते आणि त्यांचा हिशोब कुठल्याच ॲपमध्ये नव्हता.

तर पहिली गोष्ट ही, की तुमचं शरीर नोकरीची दमणूक आणि सायकलची दमणूक वेगवेगळ्या डब्यात ठेवत नाही. शॉप फ्लोअरवर नऊ तास उभं राहणं, कस्टमर ऑडिटचं टेन्शन, आईला दवाखान्यात घेऊन जाणं, मुलगी रात्री तापानं उठणं, हे सगळं त्याच एका खात्यातनं वजा होतं. घड्याळ फक्त राइडचा लोड दाखवतं आणि म्हणतं की तुम्ही फ्रेश आहात, इंटरव्हल करा (थोडा वेळ जोरात, मधे आराम, परत जोरात), त्याला काय माहिती दिवसभर काय झालंय ते.

म्हणून मी एक वही ठेवलीय, साधी शंभर पानी. रोज रात्री झोपताना तीन आकडे लिहायचे: झोप, काम, घर. प्रत्येकाला ० ते ३. शून्य म्हणजे मस्त, तीन म्हणजे पार वाट लागली. काल रात्री साडेचार तास झोप झाली, तीन. आज कामावर नेहमीसारखं, एक. घरी पाहुणे, गडबड, दोन. झाले सहा. बेरीज चारपर्यंत असेल तर उद्याचं जे ठरलंय ते करायचं. पाच-सहा असेल तर राइड करायची पण हळू, इंटरव्हल रद्द. सात किंवा वर गेली तर अलार्म बंद करून झोपायचं आणि त्याचं वाईट वाटून घ्यायचं नाही. सोबत सकाळी उठल्या उठल्या अंथरुणातच पल्स बघायची. माझी एरवी ५२ च्या आसपास असते, ६० दिसली की मी समजतो आतमध्ये काहीतरी चाललंय, एकतर आजारपण येतंय नाहीतर रिकव्हरी झाली नाही. हे वहीचं गणित कुठल्या पुस्तकातलं नाही, मी माझ्यासाठी बसवलंय, तुम्ही तुमचे आकडे बसवा, पण लिहा मात्र रोज, कारण दोन-तीन महिन्यांनी मागची पानं चाळली की तुमच्या नोकरीचा पॅटर्न दिसायला लागतो. मला दिसलं की दर महिन्याच्या २६ तारखेपासून ते १ तारखेपर्यंत माझी बेरीज सहाच्या खाली येतच नाही. मग मी काय केलं, महिन्याचा तोच आठवडा रिकव्हरीचा आठवडा करून टाकला. नाहीतरी तीन आठवडे कष्ट आणि चौथा हलका असं बहुतेक प्लॅनमध्ये असतंच, तो हलका आठवडा डिस्पॅचच्या आठवड्यावर बसवला, बस्स.

आता आठवडा कसा लावायचा. सात तासांत रेस करता येते का, तर येते, पण तासांचं वाटप नीट पायजे. बहुतेक नोकरदार रायडर सगळ्याच राइड मधल्या वेगानं मारतात, दम लागेल इतक्या जोरात पण सुधारणा होईल इतक्या जोरात नाही, आणि वर्षभर तिथंच राहतात. आठवड्यात दोनच राइड खरोखर जोरात करायच्या, बाकी सगळ्या इतक्या हळू की शेजारच्याशी पूर्ण वाक्यात गप्पा मारता आल्या पायजेत. वाक्य मधेच तुटायला लागलं की गिअर हलका करा. ग्रुपमध्ये हे लई अवघड जातं, कुणीतरी पुढं खेचतो आणि मग सगळे त्याच्या मागं, म्हणून हळूची राइड मी शक्यतो एकट्यानं करतो.

माझा सध्याचा आठवडा असा. सोमवारी सुट्टी, त्यामुळं लांबची राइड, तीन-साडेतीन तास. मंगळवारी काही नाही, फक्त कामावर सायकलनं. बुधवारी पहाटे घरातच ट्रेनरवर (सायकल अडकवून जागच्या जागी चालवायचा स्टँड) ५० मिनिटं, त्यात ८ मिनिटांचे ४ सेट, मधे ३-४ मिनिटं आराम, जोर इतका की चौथा सेट कसाबसा पूर्ण व्हावा पण मोडू नये. गुरुवारी कम्यूट, म्हणजे सायकलनं कामावर जाणं-येणं. शुक्रवारी पहाटे जोतिबा. शनिवारी विश्रांती. रविवारी कामावर जाताना जरा फिरून तासभर हळू.

कम्यूटबद्दल वेगळं सांगतो कारण नोकरदाराचा खरा खजिना तिथं आहे. रंकाळ्यापासून शिरोली मला एका बाजूनं दहा-अकरा किलोमीटर पडतं. बाइकनं पंचवीस मिनिटं, सायकलनं पस्तीस. म्हणजे दहा मिनिटं जास्त देऊन मला पस्तीस मिनिटांची राइड फुकटात मिळते, तीही दोनदा. पण कम्यूट ही ट्रेनिंग नाही, ती हळूच करायची, तावडे हॉटेलपासून पुढं पुलावर ट्रक आणि एसटीच्या मधून कुणाशी शर्यत लावायची जागा ती नव्हे. कपड्यांचं म्हणाल तर मी सोमवारी संध्याकाळी मुलीला घेऊन चक्कर मारायला जातो तेव्हा स्कूटरवरनं आठवड्याचे शर्ट-पँट कंपनीच्या लॉकरला टाकून येतो, सेफ्टी शूज तिथंच असतात, ओला टॉवेल आणि दहा मिनिटं आधी पोचणं एवढं पुरतं. आणि कम्यूटला रेसची सायकल वापरू नका, एखादी जुनी, मडगार्डवाली ठेवा.

सोमवारच्या सुट्टीचं मला आधी फार वाईट वाटायचं. सगळा ग्रुप रविवारी पहाटे निघतो, नंतर मिसळ खातो, फोटो येतात, आणि मी गेटवर पंचिंग करत असतो. पण हळूहळू कळलं की सोमवारी मुलगी शाळेत, बायको शाळेत, आई सकाळी देवपूजेत, म्हणजे माझे ते साडेतीन तास मी कुणाच्याच वाट्यातले घेत नाही. रविवारी सुट्टी असणाऱ्या माझ्या मित्रांची घरी जी कटकट होते ती बहुतेक त्यामुळंच, की घरचे सगळे जेव्हा एकत्र असतात नेमकी तीच सकाळ हा माणूस बाहेर. तुमची सुट्टी रविवारी असेल तर माझा सल्ला, लांबची राइड पहाटे साडेचारला सुरू करा आणि साडेआठला घरात या, पोरं उठायच्या वेळेला. राइडनंतरची मिसळ महिन्यातनं एकदा ग्रुपबरोबर, बाकी वेळा पार्सल घरी आणा आणि सगळ्यांनी मिळून खा. राइड संपल्यावर टपरीवर जे दोन तास जातात ना, भांडण त्या दोन तासांवरनं होतं.

रस्त्यांचं बघू. कोल्हापूरकर नशीबवान आहेत, शहरातनं बाहेर पडलं की वीस मिनिटांत चढ. सपाट आणि लांब मारायचं असेल तर फुलेवाडी, बालिंगा, कळे, साळवण करून परत, साधारण ७५-८० किलोमीटर होतात, टाइम ट्रायलच्या पोझिशनमध्ये बसायची सवय करायला बरा. राधानगरी रोड हळदीच्या पुढं वर-खाली आहे, रेसमध्ये लागतात तसे छोटे झटके तिथं मिळतात. चढासाठी केर्लीतनं जोतिबा किंवा सरळ वाघबीळावरनं पन्हाळा, पन्हाळा शहरापासून साधारण २० किलोमीटर, म्हणजे पहाटे पाचला निघून सातपर्यंत आरामात घरात. मी दर सहा आठवड्यांनी जोतिबाच्या चढावर टेस्ट घेतो, तेच सुरुवातीचं ठिकाण, तीच शेवटची कमान, वहीत वेळ लिहायची. ज्यांच्याकडं पॉवर मीटर (पायाचा जोर वॉटमध्ये मोजणारं यंत्र) आहे त्यांनी २० मिनिटं जीव तोडून मारायचं आणि सरासरी वॉटच्या ९५ टक्के धरायचं, ती झाली एफटीपी, म्हणजे साधारण तासभर टिकवता येईल इतका जोर. माझ्याकडं तीन वर्षं पॉवर मीटर नव्हता, एक चढ आणि एक घड्याळ होतं, त्यात काम भागलं.

फक्त माघात रविवारी जोतिबाला जाऊ नका. खेटे असतात, हजारो माणसं पहाटेपासून अनवाणी चालत डोंगर चढत असतात, त्यात म्हातारी माणसं, लहान पोरं. त्यांच्यातनं सायकल जोरात काढणं बरोबर नाही, उतरताना तर अजिबात नाही. चैत्र यात्रेच्या आसपास तर गुलाल पण असतो रस्त्यावर, ओला झाला की साबणासारखा निसरडा. त्या दिवसांत मी चालतच जातो.

ऊस. याच्यावर मला जास्त लिहायचंय कारण बाहेरच्या ट्रेनिंगच्या व्हिडिओत हे कुणी सांगत नाही. साधारण नोव्हेंबर ते मार्च गाळप हंगाम, आणि नेमका तोच आपला रेसिंगचा सीझन, थंडी, कोरडे रस्ते. कुठल्याही रस्त्याला गेलं तरी एखादा कारखाना आडवा येतोच, गगनबावड्याच्या बाजूला कुडित्र्याचा, राधानगरीच्या बाजूला परित्याचा, पन्हाळ्याच्या बाजूला आसुर्ले-पोर्ल्याचा. एक ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, कितीतरी ट्रॉल्यांना मागं ना लाइट ना रिफ्लेक्टर, आणि पंचगंगेच्या काठानं सकाळी धुकं. या दिवसांत मी अंधारात बाहेर निघतच नाही, उजाडल्यावरच, आणि मागचा ब्लिंकर दिवसासुद्धा चालू. ट्रॉलीच्या मागं सावलीला लागून फुकटचा वेग घ्यायचा मोह होतो, पोरं करतात, पण वरनं मोळी सुटली किंवा ट्रॅक्टरवाल्यानं ब्रेक मारला तर काही कळायच्या आत संपलं. दोन ट्रॉल्यांच्या मधल्या हुकाकडं बघा एकदा, मागची ट्रॉली किती डुलते ते. डाव्या बाजूनं ओव्हरटेक कधीच नाही. आणि पडलेला पाला, त्याच्या खाली काय आहे दिसत नाही, सकाळी दव पडलं की तो चाकाखाली सरकतो. मी डिसेंबर-जानेवारीत जोराची ट्रेनिंग शक्यतो ट्रेनरवर हलवतो आणि बाहेर फक्त हळूची राइड, तेवढीच जोखीम कमी.

पावसाळ्यात जून ते सप्टेंबर ट्रेनर हाच मित्र. स्मार्ट ट्रेनर नसला तरी चालतं, सेकंडहँड साधा मॅग्नेटिक घ्या, खाली जाड रबर मॅट टाका म्हणजे खालच्या मजल्यावरच्या काकूंची झोप मोडणार नाही, आणि समोर मोठा फॅन ठेवा, फॅन नसेल तर वीस मिनिटांत अंग तापून जोर आपोआप कमी होतो. बाहेर गेलात तर घरी आल्यावर चेन पुसायची, ल्यूब लावायचं, ब्रेक पॅडमध्ये अडकलेली वाळू काढायची, दहा मिनिटांचं काम. आणि महापूर आला, २०१९ सारखा किंवा २०२१ सारखा, शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं होतं बघा, तर त्या आठवड्यात ट्रेनिंग नावाची गोष्टच नसते, तिथं दुसऱ्याच कामाला हात लागतात आणि लागले पायजेत. आठ-दहा दिवस सायकल नाही चालवली तर फिटनेस थोडा उतरतो आणि दोन आठवड्यांत परत येतो, घाबरायचं कारण नाही.

खाण्याचं. कोल्हापुरात खाण्याची कमी नाही, वेळेची आहे. पहाटेच्या इंटरव्हलच्या आधी पोटात काहीतरी पायजेच, एक-दोन केळी किंवा गूळ लावलेली चपाती, मग निघा. रात्री तांबडा-पांढरा झाला असेल तर सकाळी इंटरव्हल जमत नाहीत, म्हणून मी बुधवार आणि शुक्रवारचं मटण दुपारच्या डब्यात किंवा संध्याकाळी लवकर खातो, मंगळवारी आणि गुरुवारी रात्री भात-आमटी. दीड तासाच्या वरच्या राइडला तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट जायला पायजे, लांबच्या रेसला पोटाला सवय असेल तर ९० पर्यंत सुद्धा. विकतच्या जेल महाग पडतात, आपल्याकडं गूळ आहे. गूळ म्हणजे मुख्यतः सुक्रोज, अर्धं ग्लुकोज अर्धं फ्रुक्टोज, आणि दोन्ही आतड्यातनं वेगवेगळ्या वाटेनं शोषले जातात, म्हणून हे मिश्रण राइडला चांगलं. मी एका बाटलीत ४० ग्रॅम गूळ, अर्धं लिंबू आणि पाव चमच्याला थोडं कमी मीठ टाकतो, गाळून घ्यायचं नाहीतर बाटलीच्या तोंडाला कचरा अडकतो. खिशात राजगिऱ्याचा लाडू, उकडलेला बटाटा मीठ लावून. रेसच्या दिवशी नवीन काही खायचं नाही, जे सोमवारच्या राइडला खाल्लं तेच.

फाउंड्रीत, बेकरीत, भट्टीवर, अशा गरम ठिकाणी काम करणाऱ्यांनी एक जास्तीचं लक्षात ठेवा, तुमचा घाम कामावरच जातो, त्यामुळं संध्याकाळी वजन करून बघा, सकाळपेक्षा एक किलोच्या वर कमी भरलं तर दुसऱ्या दिवशीची जोराची राइड पुढं ढकला आणि आधी पाणी-मीठ भरून काढा. आणि नवरात्रात नऊ दिवस उपास करत असाल तर ते नऊ दिवस हळूच चालवा, अर्ध्या पोटी इंटरव्हल करून आजारी पडलेले मी तीन-चार जण बघितलेत.

झोपेवर मी कुठलीच तडजोड करत नाही आता. पाचला उठायचं असेल तर दहाला दिवे बंद. इथल्या तालमीत जाऊन बघा कधी, पैलवान पहाटे मेहनत करतो आणि दुपारी झोपतो, ती झोप खुराकातच धरलेली असते, आळस म्हणून कुणी बघत नाही. आपल्याला दुपारी झोपता येत नाही म्हणून रात्रीची तरी पुरी करायची. जेवणाच्या सुट्टीत कँटीनमध्ये खाऊन उरलेली पंधरा मिनिटं मी स्टोअरच्या मागं डोळे मिटून बसतो, फोन बाजूला ठेवून. जे शिफ्टमध्ये आहेत त्यांना हात जोडून सांगतो, नाइट करून सकाळी सरळ रस्त्यावर जाऊ नका, माझं काय झालं ते वर लिहिलंय. नाइटच्या आठवड्यात संध्याकाळी ड्यूटीच्या आधी चाळीस मिनिटं हळू, बास. शिफ्ट बदलल्यावर पहिले दोन दिवस जोराचं काही नाही.

घरच्यांशी बोलणं हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आणि सगळ्यात जास्त चुकतो तो पण. माझी बायको एकदा म्हणाली, "अहो, शर्यत तुमची आणि जागरण माझं." मला खरंच कळलं नव्हतं तोवर, की साडेचारचा अलार्म, कपाटाचा आवाज, बाथरूमचा दिवा, याच्यानं ती रोज उठायची आणि परत झोप लागायची नाही, मग दिवसभर वर्गात साठ पोरं. त्या दिवसापासून कपडे, बूट, हेल्मेट, बाटली सगळं रात्रीच हॉलमध्ये, अलार्म हातातल्या घड्याळाच्या व्हायब्रेशनवर, आणि इंटरव्हलच्या आदल्या रात्री मी हॉलमध्येच झोपतो. आणि तिच्यासाठी मंगळवार आणि शनिवारची सकाळ तिची, ती रंकाळ्यावर चालायला जाते, मुलीचा डबा, वेणी, रिक्षापर्यंत सोडणं माझ्याकडं. वेणी घालायला मला महिना लागला शिकायला, पण आता दोन वेण्या पण येतात. सांगायचं हे की तुमच्या ट्रेनिंगचे तास घरात कुणीतरी भरून काढत असतं, ते कोण आणि कधी हे तोंडानं विचारा आणि तितकेच तास परत द्या, मागायची वेळ येऊ देऊ नका.

भिंतीवरच्या कालनिर्णयावर वर्षाच्या सुरुवातीलाच सगळ्यांनी मिळून बसायचं. आधी लग्नं, यात्रा, मुलीच्या परीक्षा, आईची तपासणी, गावाकडची जत्रा, हे सगळं लिहायचं, आणि त्याच्या उरलेल्या जागेत रेस. मी वर्षाला दोनच मोठ्या रेस धरतो आणि दोन-तीन छोट्या, ज्यांच्यासाठी वेगळी तयारी करत नाही. एप्रिल-मेमध्ये लग्नसराईत एकही नाही. बीआरएम (ठरलेल्या वेळेत लांब अंतर पूर्ण करायची राइड) मी रेसमध्ये धरत नाही, त्यात नंबर नसतात, २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, पण वर्षातनं एखादी करतो कारण लांब वेळ खोगिरावर बसायची सवय लागते. ३०० आणि ४०० च्या मात्र वाटेला जात नाही, रात्रभर जागून दुसऱ्या दिवशी कामावर उभं राहणं मला परवडत नाही.

मोठी स्वप्नं बघू नका असं नाही. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे दोघं भाऊ, प्रॅक्टिस सांभाळून २०१५ मध्ये दोघांच्या टीमनं रेस अक्रॉस अमेरिका पूर्ण करून आले, साधारण ४८०० किलोमीटर, नऊ दिवसांच्या आत. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये तीच सोलो पूर्ण केली. आपल्या महाराष्ट्रातली माणसं आहेत ही. पण सुरुवात आपल्या घरच्या चढापासून.

साहेबांना आधीच सांगून ठेवा. रेसची तारीख कळली की त्याच आठवड्यात रजेचा अर्ज, आदल्या दिवशी पोट दुखतंय म्हणून फोन करायचा नाही, फोटो सगळे बघतात. मी माझ्या साहेबांना जानेवारीतच दोन तारखा देतो आणि त्याच्या बदल्यात दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात एक्स्ट्रा थांबतो. कामावर कामच, राइडच्या गप्पा चहाच्या वेळेला.

पैशाचं थोडक्यात. घरात बोलून वर्षाचा एक आकडा ठरवा, सगळं त्यात, एंट्री फी, प्रवास, टायर, सर्व्हिस. महाग व्हीलच्या आधी नीट बाइक फिट (सायकल आपल्या मापाला बसवून घेणं), चांगले टायर आणि हेल्मेट. इथल्या रस्त्यांवर बाभळीचे काटे आहेत, दोन ट्यूब आणि पंप नसेल तर घरातनं निघू नका. चाळिशीच्या आसपास असाल तर रेस सुरू करायच्या आधी एकदा ईसीजी, बीपी, शुगर, हिमोग्लोबिन आणि बी-१२ बघून घ्या, शाकाहारी मंडळींचं बी-१२ बऱ्याचदा कमी निघतं आणि माणूस वर्षभर ट्रेनिंगला दोष देत बसतो.

रेसच्या आधीचे आठ-दहा दिवस तास निम्मे करा, पण जोर सोडू नका, छोटे-छोटे सेट चालू ठेवा. याच दिवसांत नोकरदार माणूस चुकतो, सायकल कमी झाली म्हणून राहिलेली घरातली कामं काढतो, माळा साफ कर, पाण्याची टाकी धू, आणि थकून स्टार्टला येतो. ती कामं रेसनंतर. मास स्टार्ट असेल तर आधी दोन-तीन वेळा तरी ग्रुपमध्ये चाक धरून चालवायचा सराव करा, पुढच्याच्या मागं नीट बसलं तर त्याच वेगाला जवळपास पाव ते एक तृतीयांश कष्ट वाचतात, आणि कमी ट्रेनिंग झालेल्या माणसाला तेवढीच बचत शेवटच्या चढापर्यंत घेऊन जाते. पुढच्या चाकावर चाक चढवू नका, अचानक ब्रेक नको, बाटली काढताना रेष सोडू नका. बाहेरगावी रेस असेल तर रात्रीच्या गाडीनं जाऊन पहाटे उतरून रेस करायची नाही, एक दिवस आधी दुपारीच पोचा.

माझ्या रेस रविवारीच असतात, त्यामुळं शनिवार-रविवारची रजा लागते आणि सोमवार आपोआप सुट्टी. त्या सोमवारी मी सायकलला हात लावत नाही. सकाळी मुलीला शाळेत सोडतो, येताना आईचा बीपीच्या गोळ्यांचा डबा भरून आणतो, दुपारी दोन तास झोपतो, संध्याकाळी बायकोबरोबर रंकाळ्यावर एक फेरी. रात्री वहीत नेहमीचे तीन आकडे लिहितो, आणि बेरीज सलग तीन दिवस चारच्या खाली येईपर्यंत बुधवारची इंटरव्हल सुरू करत नाही, मग ते पाच दिवस लागोत नाहीतर बारा.